ओलं फडकं

टेक्निशियन पोरगा टीव्हीसमोर उकिडवा बसला होता, मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरून, आणि मी त्याच्या मागं उभी राहून आईला विचारलं, "आई, ओलं फडकं तर नाही ना लावलंस?" एवढंच. विचारायचं तसं काहीच कारण नव्हतं, त्या पोरानं अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, पण परका माणूस घरात आला की आपण आधीच आपल्या माणसाची झडती घेऊन मोकळं होतो तसं काहीतरी झालं असणार. आई कॉटवर पाय लांब करून बसलेली, गुडघ्याला लावलेल्या तेलाचा वास खोलीभर, बाहेर पाऊस. ती म्हणाली, "न्हाई गं, कोरड्यानंच पुसतो मी." (आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा मी जातो, मी करतो असंच बोलतात, शाळेत बाईंनी कितीही सुधारलं तरी घरात आलं की परत तेच.) पोरानं मान हलवली, दोन फोटो काढले, मोबाईलमध्ये काहीतरी टाईप केलं आणि सहीसाठी स्क्रीन माझ्यापुढं धरली. मी बोटानं सही केली. वाचलं नाही. रात्री मेलवर जॉबशीट आलं तेव्हा वाचलं. इंग्रजीत दोन ओळी होत्या, त्याचा अर्थ असा की पडदा ग्राहकानं ओल्या कापडानं पुसलेला आहे, फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही.

माझा प्रश्न त्यानं लिहून घेतला होता. आईचं उत्तर नाही.

टीव्ही घेतला २०२४ च्या पाडव्याला, २ नोव्हेंबरला. त्रेचाळीस इंची, साडेएकतीस हजार, बिलावर २८ टक्के जीएसटी लावलेला, आणि पगारातून बाजूला टाकत टाकत मी एकरकमी दिलेले पैसे. आई मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात एकटी राहते, मी राजारामपुरीत, रोज जाणं होत नाही, आणि तिचे गुडघे गेल्यापासून तिचं जग त्या एका खोलीपुरतं झालंय म्हणून मोठा घ्यायचा असं मनात होतं. आठवड्याभरात अंबाबाईचा किरणोत्सव आला. पूर्वी आई त्या तीन दिवसांत दुपारपासूनच देवळात जाऊन बसायची, ९ तारखेला किरणं पायाला, १० ला कमरेपर्यंत, ११ ला तोंडावर, आणि मध्ये कुठं ढग आला की तिचा चेहरा पडायचा जसं काही तिच्याच घरचं कार्य थांबलंय. त्या वर्षी तिनं ते केबलवर घरी बसून बघितलं. गाभाऱ्यातला अंधार, त्यात सरकत येणारी ती तांबूस पट्टी, आणि खाली कॉटवर डोक्यावर पदर घेऊन हात जोडून बसलेली आई. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते आणि मला मनापासून वाटलं की आयुष्यात पैसे कुठं तरी बरोबर जागी गेले.

त्या टीव्हीला तिनं जपलं म्हणजे किती जपलं. आण्णा गेल्यावर त्यांचे सदरे तिनं कुणाला दिले नव्हते, त्यातला एक मलमलीचा, अगदी विरलेला, तो फाडून तिनं टीव्हीसाठी फडकं केलं. रोज सकाळी आंघोळ झाली, देवपूजा झाली की त्या फडक्यानं पडदा पुसायची, वरून खाली, हलक्या हातानं, झोपलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं. मग ते फडकं घडी घालून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. हे मी कितीतरी वेळा बघितलंय. आणि तरी मी तो प्रश्न विचारला.

रेघ आली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. आईचा फोन आला, "टीव्हीत एक हिरवा दोरा आलाय गं." मला वाटलं केबलचा घोळ असेल. जाऊन बघितलं तर खरंच दोराच, उजवीकडून वीतभर आत, वरपासून खालपर्यंत, पोपटी रंगाचा, सुईत ओवावा इतका बारीक. सेट टॉप बॉक्स काढला, वायर बदलली, मोबाईलवरून व्हिडिओ लावला, टीव्हीचा नुसता मेनू उघडला, दोरा तिथंच. म्हणजे चॅनेलचा दोष नाही, टीव्हीचाच. चार दिवसांत दोऱ्याची पट्टी झाली, पट्टीच्या उजवीकडचं चित्र धुरकट झालं, माणसं तिथं गेली की भुतासारखी दुहेरी दिसायला लागली. बातम्या देणारी बाई अर्धी स्पष्ट, अर्धी पाण्यात. आवाज मात्र खणखणीत. कंपनीच्या नंबरवर तक्रार टाकली, सहा दिवसांनी तो पोरगा आला, आणि पुढचं वर सांगितलंच. वॉरंटी एक वर्षाची, आमचा चालू होता नववा महिना. पॅनल बदलायचा तर चोवीस हजार अधिक टॅक्स.

ज्या दुकानातून घेतला तिथं गेले. नाव लिहीत नाही, लिहायचं कारणही नाही, पण आण्णांनी आमचा पहिला टीव्ही तिथूनच घेतलेला, तेव्हा आताच्या मालकांचे वडील गल्ल्यावर बसायचे. मालकांनी चहा मागवला, बसा ताई म्हणाले, आणि मग तेच सांगितलं जे सगळेच दुकानदार सांगतात, की आमचं काम विकण्यापुरतं, सर्व्हिस कंपनीची, आमच्या हातात काही नाही. मला राग आला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदम, कारण बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते, टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या देवाच्या फोटोकडं बघत होते. उठताना म्हणाले, "मावशींचं वय झालंय, हात जोरात लागला असंल एखाद्या वेळेस." चांगल्या मनानंच म्हणाले. पण चांगल्या मनानं म्हणलेलं जास्त लागतं.

आई काही बोलली नाही. हेच मला सलत राहिलं. ती भांडली असती, मला बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त टीव्ही पुसायचा बंद केला. पुढच्या खेपेला गेले तेव्हा पडद्यावर धुळीचा पातळ थर, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात तो स्पष्ट दिसत होता. मी काही विचारलं नाही. जेवताना तीच म्हणाली, "मीच कधी तरी दाबलो असणार बघ. आठवत न्हाई पण दाबलो असणार." पंच्याहत्तरीची बाई, जिनं आयुष्यात उसना घेतलेला वाटीभर गूळसुद्धा परत करताना वर चिमूट जास्त घालून दिला, ती स्वतःच्या आठवणीवर अविश्वास दाखवायला लागली होती कारण एका मोबाईलमध्ये कुणीतरी दोन ओळी टाईप केल्या होत्या.

मला आमचा जुना टीव्ही आठवत होता त्या दिवसांत सारखा. लाकडी, सरकत्या दाराचा, दाराला छोटं कुलूप. तो बिघडला की गल्लीच्या टोकाला राहणारे रेडिओवाले मामा यायचे, हातात पत्र्याची पेटी. मागचं झाकण उघडलं की आत नुसती धूळ आणि तापलेल्या बेकेलाईटचा वास, आम्ही पोरं भोवती कोंडाळं करून बसायचो आणि मामा ओरडायचे, लांब व्हा, पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही करंट असतो. मग सोल्डरिंगचा धूर, तो गोडसर वास, आणि जळका पार्ट चिमट्यात धरून ते आण्णांना दाखवायचे. "हे बघा मास्तर, हे गेलंय." आण्णा तो काळा पडलेला तुकडा हातात घेऊन चष्म्याखालून बघायचे, काही कळायचं नाही त्यांना, पण बघायचे. काय बिघडलंय हे दिसायचं. हातात यायचं. मग पंधरा रुपये द्यायचे का पन्नास हे बोलणं नंतरचं.

आता मागचं झाकण आपण उघडायचं नाही, सील तुटलं की वॉरंटी गेली. उघडलं तरी आत दोन-तीन बोर्ड आणि बाकी सगळा पॅनल, आणि पॅनल गेला की पॅनलच गेला, त्यातला तुकडा मिळत नाही. टीव्हीची निम्म्याहून जास्त किंमत त्या एका काचेत. त्यामुळं "काय गेलंय" याचं उत्तर एकच, आणि ते का गेलं याचं उत्तर फक्त त्या पोराकडं, ज्याला दिवसात पाच-सात कॉल मारायचे असतात. मी त्याला दोष देत नाही. पावसात गाडीवरून आलेला, रेनकोटातून पाणी टपकत होतं, आईनं दिलेला चहा उभ्या उभ्या प्यायला आणि दोनदा थँक्यू मावशी म्हणाला.

मामा अजून आहेत. हात थरथरतात, दुकान कधीच बंद केलंय, पण मी बोलावल्यावर आले, स्वतःच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून दोन पायऱ्या चढून. टीव्ही चालू केला, लांबून बघितला, मग बंद करायला लावला. टॉर्च घेऊन काच तिरकी तपासली, सगळी, चारी कोपऱ्यांपर्यंत, दहा मिनिटं तरी. म्हणाले, काचेला मार लागला की कोळ्याचं जाळं उठतं, नाहीतर शाई सांडल्यावानी काळा डाग पसरतो, हितं एक चरा न्हाई. मग परत चालू करायला लावला आणि उजव्या बाजूला, वरच्या कडेला, दोन बोटांनी अगदी हलकं दाबलं. हिरवी पट्टी गेली. साफ गेली. बोटं काढली, परत आली. आईनं "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला. मामांनी तीन वेळा करून दाखवलं आणि मी तिसऱ्या वेळेस मोबाईलवर शूट केलं.

मग त्यांनी समजावलं. आपल्या टीव्हीत ३८४० उभ्या ओळी, आणि एकेका ओळीत तांबडा, हिरवा, निळा असे तीन कप्पे. ह्या सगळ्यांना सिग्नल न्यायला काचेच्या कडेला फिल्मसारख्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टीवर एक चिप, आणि ती पट्टी काचेला उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेली असते, टाका नाही, स्क्रू नाही, नुसतं चिकटवलेलं. ते चिकटवणं कुठं कच्चं राहिलं की काही महिने तापून-थंड होऊन ते सुटत जातं. आधी एक ओळ जाते, मग शेजारची. म्हणून दाबलं की टेकतं आणि चित्र नीट दिसतं. आता ओल्या फडक्याचं काय, तर पाणी लावून पुसलं, स्प्रे मारला, तर पाणी ओघळून खालच्या कडेत जातं आणि तिथल्या पट्ट्या खराब करतं, हे खरंच होतं, कंपन्या सांगतात ते उगाच नाही. पण काही टीव्हीत ह्या पट्ट्या खाली असतात, काहीत वर. "तुझ्यात वर हायत," मामा म्हणाले. "आता पाणी वर चढतंय व्हय?"

आई हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

२०१९ च्या पुरात माझ्या मावशीचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीत पाण्याखाली गेलेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही साफ करायला गेलो तर गल्लीभर टीव्ही, फ्रिज, गाद्या, भिजलेल्या वह्या घरांसमोर रचून ठेवलेल्या, चिखलाचा तो वास अजून नाकात आहे. मावशीचाही टीव्ही गेला. पण तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ते नव्हतं जे आता आईच्या चेहऱ्यावर मी बघत होते. पंचगंगेनं नेलं, सगळ्यांचंच नेलं, त्यात कुणी म्हणलं नाही की मावशी तुमचाच हात लागला असंल. नुकसान सोसायला आमची माणसं पक्की आहेत. दुसऱ्याचा दोष अंगावर घेऊन गप बसायची सवय मात्र ह्याच पक्केपणातून लागते का काय, मला कळत नाही, पण तसं वाटलं खरं.

आणि घ्यायच्या वेळी हीच माणसं काय चोखंदळ. आई नारळ कानाशी हलवून घेते, माठाला टिचकी मारून घेते, गुळाची ढेप घेताना कोपरा फोडून जिभेवर ठेवल्याशिवाय पुढं सरकत नाही. आण्णा चप्पल लाईनीत वहाण घ्यायला गेले की ती हातात वाकवायचे, तळ वास घेऊन बघायचे, आणि अंगठा तुटला तर दोन वर्षांनीसुद्धा त्याच चांभाराकडं जायचे, तो बिल विचारायचा नाही, स्वतःची शिवण बघून ओळखायचा. टीव्हीला कुठं टिचकी मारणार? दुकानात सगळेच पडदे झगझगीत, सगळ्यांवर तेच पोपट आणि तेच समुद्र. आत कुठली पट्टी कच्ची चिकटलीय हे घेणाऱ्याला कळायचा मार्गच नाही, म्हणून तर वॉरंटी. ती उपकार म्हणून दिलेली गोष्ट नव्हे, आपण जे तपासू शकत नाही त्याच्या बदल्यात दिलेला शब्द आहे तो, आणि त्याचे पैसे साडेएकतीस हजारांत धरलेले आहेत.

मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते, वकील नाही. पण कागद वाचायची सवय आहे, म्हणून कायदा उघडून बसले. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २० जुलै २०२० पासून लागू, त्याआधी १९८६ चा होता. आण्णा त्या काळात ग्राहक पंचायतीच्या सभांना जायचे, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ ला सुरू केलेली ती चळवळ, आणि त्यांनी आम्हाला बिलं जपून ठेवायची शिस्त लावलेली, माझ्याकडं बिल होतं ते त्यामुळं. कायद्यात 'दोष' म्हणजे काय याची व्याख्या आहे, कायद्यानं, करारानं किंवा विकणाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे वस्तूचा जो दर्जा असायला पाहिजे त्यातली कमतरता म्हणजे दोष. जिल्हा आयोगात पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत एक रुपया फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असं नाही, आणि जुन्या कायद्यात समोरच्याच्या गावाला नाहीतर तक्रारीचं कारण जिथं घडलं तिथं जावं लागायचं तसं आता नाही, आपण जिथं राहतो तिथं करता येते. मुदत दोन वर्षं. कंपनी आणि दुकानदार दोघांनाही पार्टी करता येतं, म्हणजे 'आमचा संबंध नाही' हे तेवढं सोपं नाही. आयोग दुरुस्ती करून द्या, बदलून द्या, पैसे परत द्या, वर भरपाई द्या असं काहीही सांगू शकतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की दोष नुसता बघून ठरत नसेल तर वस्तू लॅबकडं पाठवून तपासायची सोय कायद्यातच आहे. म्हणजे त्या पोराच्या दोन ओळी हा शेवटचा शब्द नाही. कायद्यानं सांगितलंय तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात हे सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही त्याची धास्ती होतीच.

आधी १९१५ ह्या नंबरला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, तक्रारीचा नंबर दिला, आणि स्पष्ट सांगितलं की आम्ही कोर्ट नाही, आदेश देऊ शकत नाही, कंपनीला कळवू आणि उत्तर मागवू. खोटी आशा दाखवली नाही हे मला आवडलं. मग रात्री जेवणं झाल्यावर कंपनीला आणि दुकानाला पत्र लिहायला बसले. मराठीतच लिहिलं. बिलाची तारीख, टीव्हीचा सिरियल नंबर, रेघ कधी दिसली, तक्रार कधी केली, माणूस कधी आला. मग प्रश्न. फिजिकल डॅमेज नेमकं कुठल्या जागी आहे ते तुमच्याच फोटोवर गोल करून दाखवा. वरच्या कडेला हलकं दाबल्यावर रेघ जाते, व्हिडिओ सोबत जोडला आहे, बाहेरून मार लागलेल्या काचेत असं होतं का ते लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर जिल्हा आयोगात जाणार. इथपर्यंत हात भरभर चालला. आणि मग पुढचा प्रश्न लिहिला, "ओल्या कापडाने पुसले ही माहिती आपणास कोणी दिली?" आणि पेन थांबलं.

कारण मीच दिली होती.

ती ओळ खोडायची का ठेवायची यावर मी खूप वेळ बसले. खोडली असती तर पत्राचं काही बिघडत नव्हतं. पण मग ते वाक्य जॉबशीटवर तसंच राहणार होतं, आईच्या नावावर. शेवटी पूर्ण लिहिलं. की मी माझ्या आईस असा प्रश्न विचारला होता. आईने स्पष्ट नाही असे उत्तर दिले होते. आपल्या माणसाने प्रश्न लिहिला, उत्तर गाळले. तरी नोंद दुरुस्त करावी. वाचताना गळा दाटून आला, का ते सांगता येणार नाही, टीव्हीच्या तक्रारीत रडण्यासारखं काही नसतं. सकाळी दोन्ही पत्रं स्पीड पोस्टानं टाकली आणि पावत्या पर्समध्ये बिलाच्या पाठीमागं ठेवल्या.

मधल्या दिवसांत सगळ्यांनी एकच सल्ला दिला, सोडून दे. दीर म्हणाले, वहिनी, कुठं नादाला लागताय, ईएमआयवर नवीन घ्या. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, माझा पॅनल वॉरंटी संपून पंधराव्या दिवशी गेला, मी कुणाला फोनसुद्धा केला नाही. हे सगळे लबाड नाहीत, भित्रेही नाहीत, ह्यांचंच पोरगं कुस्तीत चुकीचा पॉइंट दिला म्हणून पंचांशी तास तास वाद घालतं. पण वस्तूच्या बाबतीत आपण पटकन दमतो. प्रत्येक फोनला नवीन माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी 'सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय मॅडम'. ती सिस्टीम कुठं बसते, तिला कुठं जाऊन भेटायचं, हे कोणी सांगत नाही. मलाही दोन-तीनदा वाटलं, द्यावं सोडून. मग आईचा तो धूळ बसलेला पडदा आठवायचा.

बाराव्या दिवशी फोन आला. आवाज बदललेला, सिनियर कुणीतरी. परत तपासणी करू म्हणाले. दुसरा माणूस आला, वयानं मोठा, त्यानं काच बघितली, वरच्या कडेला बोट ठेवलं, माझ्याकडं न बघताच "बाँडिंग आहे" असं पुटपुटला, म्हणजे मामा म्हणाले तेच, पट्टीचं चिकटवणं. मी म्हणलं, हे लिहून द्या. म्हणाला, रिपोर्ट ऑफिसला जाईल. पुढं तीन आठवडे काही नाही, दोन वेळा परत १९१५, एक आठवणीचं पत्र, आणि मग घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात मेसेज, पॅनल विनामूल्य बदलून मिळेल, 'वन टाइम गुडविल' म्हणून.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चोवीस हजार वाचले होते आणि नवरात्रातली पालखी आईला दिसणार होती. पण गुडविल हा शब्द घशात अडकला. सद्भावना. म्हणजे चूक त्यांची नाहीच, आम्ही गरीब म्हणून दिलं. पॅनल घेऊन तोच पहिला पोरगा आला, सोबत अजून एक. मोठी चादर अंथरून टीव्ही उताणा झोपवला, मागचं झाकण काढलं, आणि मी वाकून बघितलं. वरच्या कडेला, मामा म्हणाले होते तशाच, पिवळट फिल्मच्या पट्ट्या ओळीनं. वर. मी आईला हाक मारली, "ये, बघ." ती भिंतीला धरून आली, कमरेवर हात ठेवून वाकली, बराच वेळ बघत राहिली. आण्णा बघायचे तशीच.

काम झाल्यावर पोरानं मोबाईल पुढं धरला. ह्या वेळी मी वाचलं. तक्रार, उभी रेघ. काम, पॅनल बदलला. कारणाच्या जागी, गुडविल. आईनं शेजारून विचारलं, "चूक कुणाची हुती ते लिहिलंय का त्यात?" पोरगा गप झाला. म्हणाला, "मावशी, त्याला कॉलमच नाही." मी विचारलं, ग्राहकाचा शेरा म्हणून काही आहे का. होता, खाली, छोटा. तिथं मी मराठीत टाईप केलं, पडद्यावर बाहेरून कुठलाही मार नव्हता, ओलं फडकं कधीही लावलेलं नव्हतं. आणि म्हणलं, सही आई करेल. बोटानं सही करायची सवय नाही तिला, दोनदा पुसलं गेलं, तिसऱ्या वेळेस नाव, आण्णांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण, वाकडं तिकडं पण पूर्ण. पोरानं तेवढा वेळ फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला.

त्याला आता बरेच दिवस झाले. टीव्ही चांगला चालतोय, नवरात्र झालं, नोव्हेंबरात किरणोत्सव परत बघितला तिनं. पण पुसत नाही. फडकं ड्रॉवरमध्ये घडी घातलेलं तसंच. मी त्या प्रश्नाबद्दल तिच्याशी बोलले नाहीये अजून, पत्रात लिहिलं ते तिला वाचून दाखवलं नाही, दोन-तीनदा तोंडावर आलं आणि तिनंच विषय बदलला, चहा ठेवू का म्हणून. गेल्या रविवारी गेले तेव्हा सकाळचं ऊन सरळ पडद्यावर आलेलं आणि त्यात धूळ दिसत होती, म्हणून मीच ड्रॉवर उघडला, फडकं काढलं आणि पुसायला हात वर केला तर मागून, कॉटवरून, आवाज आला.

"कोरडं हाय न्हवं?"

मी वळले. ती रागात नव्हती, हसतही नव्हती, नुसती विचारत होती. मी फडकं तिच्या हातात दिलं. तिनं ते उलगडलं, एका बाजूनं गालाला लावून बघितलं, मग उलटून दुसऱ्या बाजूनं.